पायात पाइप

माझ्या रिझ्युमेत ‘पाइपलाइन’ हा शब्द चार ठिकाणी आहे. डेटाची पाइपलाइन, टेस्टिंगची पाइपलाइन, अजून कसली कसली. पण ज्या पाइपमधून खरंच काहीतरी वाहतं, त्या पाइपशी माझा संबंध गेल्या मे महिन्यापर्यंत शून्य होता.

मग बाबांचा गुडघा बदलला. ऑपरेशन झक्कास झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे उकिडवं बसायचं नाही. आणि आमच्या सांगलीच्या घरात टॉयलेट मागच्या अंगणात, भारतीय बैठकीचं. म्हणजे बाबांच्या खोलीला लागूनच कमोडवालं बाथरूम बांधणं आलं. घराशेजारच्या रस्त्यातून ड्रेनेजची लाइन गेलेली, त्यामुळे जुन्या सेप्टिक टँकला कायमचा राम राम. मी म्हटलं, नो टेन्शन, मी बघते. अशा तऱ्हेने पुण्यातल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून मी हा प्रोजेक्ट मॅनेज करायला लागले. कमोड ऑनलाइन, नळ ऑनलाइन, टाइल्स व्हॉट्सॲपवर. टाइलची शेड आयव्हरी की बेज, यावर फॅमिली ग्रुपवर तीन दिवस चर्चा झाली. घाण पाणी घरातून रस्त्यापर्यंत कुठल्या वाटेने जाणार, यावर तीन मिनिटं. प्लंबर म्हणाला, ‘‘ताई, भिंतीकडंनं सरळ नेतो. साठ फुटांत काम हुतंय.’’ मी अंगठा पाठवला.

मंडळी, अंगठा जपून पाठवत जा.

शनिवारी सकाळी रातराणीने सांगलीत उतरले, चहा घेतला आणि कौतुकाने काम बघायला गेले. घराच्या पश्चिमेला, आमची भिंत आणि शेजाऱ्यांची कंपाउंड वॉल यांच्यामध्ये पाच फुटांची बोळ आहे. तिथे आमच्या भिंतीला अगदी चिकटून एक लांबलचक चर. मागे उथळ, पुढे रस्त्याकडे खोल होत गेलेला. टोकाला प्लंबरचा पोरगा छातीपर्यंत आत उभा राहून माती वर फेकत होता. हिरड्या सरकल्यावर दाताचं मूळ दिसतं ना, तसं भिंतीखालचं काँक्रीट उघडं पडलेलं. आणि पुढच्या खोलीपाशी तर ते काँक्रीट मध्येच संपत होतं. त्याच्याखाली हातभर नुसती काळी माती. तिला कापून चर आणखी खाली गेलेला.

मला त्यात काहीच खटकलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मी फोटो काढला आणि कॉलेजपासूनच्या एका मैत्रिणीला पाठवला. ती स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ‘आमचा मेट्रो प्रोजेक्ट’ असं खाली लिहिलं, स्मायलीसकट.

अर्ध्या मिनिटात फोन. हॅलो नाही, काही नाही. ‘‘त्या पोराला आधी वर काढ.’’

‘‘का गं?’’

‘‘वर काढ, मग सांगते. आणि फूटिंग किती खोल आहे?’’

‘‘खोलच असेल ना. घर आहे ते.’’

यावर तिने जो उसासा सोडला, तो मी आमच्या टेस्टरला नेहमी सोडते तसाच होता. पोरगा वर आला. काम बंद ठेवलं म्हणून प्लंबर वैतागला. ‘‘काय हुईत न्हाई ओ ताई, हितं समदी असंच नेत्यात.’’

तर आता फंडा समजून घ्या, कारण तुमच्यापैकी अनेक जणांचे आई-बाबा कुठेतरी अशाच घरात राहतात आणि बाथरूमचं रिनोव्हेशन तुम्हीच फोनवरून करणार आहात. गणपतीपुळ्याला ओल्या वाळूत उभे राहा. पायाखालची वाळू घट्ट असते, मस्त वाटतं. आता कुणाला तरी तुमच्या पावलाच्या अगदी कडेला खड्डा खणायला सांगा. पायाखालून एक कणही काढायचा नाही, फक्त बाजूचा काढायचा. तरी थोड्या वेळाने पावलाखालची वाळू त्या खड्ड्यात घसरते आणि तुम्ही कलता. आपण समजतो की घराचं वजन सरळ खाली जातं. तसं ते जात नाही. काँक्रीटच्या पट्ट्याखाली गेलं की ते बाजूलाही पसरत पसरत उतरतं, घातलेल्या घेरदार स्कर्टसारखं. बाजूची माती ही नुसती बाजूची माती नसते. पायाखालच्या मातीला जागेवर धरून ठेवणारी तीच असते.

म्हणून इंजिनिअर लोक कागदावर एक तिरकी रेघ मारतात. फूटिंगच्या, म्हणजे पायाच्या सर्वांत खालच्या काँक्रीटच्या, तळाच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला खाली उतरणारी, ४५ अंशांची. तुमच्या चराचा तळ या रेघेच्या वर राहिला पाहिजे. हिशोब अगदी सोपा आहे. चर फूटिंगच्या तळापेक्षा जितका खाली जाणार, निदान तितकाच तो फूटिंगच्या कडेपासून लांब हवा. एक फूट खाली तर एक फूट लांब. आणि हे अंतर भिंतीपासून मोजायचं नाही हं, फूटिंगच्या कडेपासून! काँक्रीट भिंतीच्या बाहेर बरंच आलेलं असतं, आमचं नऊ इंच होतं. माती भुसभुशीत असेल किंवा पाण्याने भरलेली असेल, तर हा ४५ अंशही पुरत नाही. तेव्हा माणूस बोलवावा, रेघ नाही.

थोडक्यात, पाइप कुठून न्यायचा हा प्रश्न प्लंबिंगचा वाटतो, पण आधी तो पायाचा असतो. चर खणायच्या आधी एकच आकडा लागतो, पाया किती खोल आहे. आणि तो आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हता.

म्हणजे, एका माणसाला माहीत होता.

बाबा काठी टेकत बोळीच्या तोंडापर्यंत आले होते. त्यांच्या हातात ती निळी नोंदवही होती, जिच्यात सिमेंटच्या प्रत्येक पोत्याचा हिशोब आहे. ‘‘मूळ घर साडेचार फूट,’’ त्यांनी न उघडताच सांगितलं. ‘‘१९९१. मुरूम लागेपर्यंत खणलं. मी उभा होतो, तुझी आई छत्री धरून.’’

‘‘आणि ही पुढची खोली?’’

वही उघडली गेली नाही. ‘‘अडीच.’’

‘‘अडीचच? का?’’

‘‘२००९ होतं ना,’’ बाबा म्हणाले आणि आत गेले.

२००९ साली जून महिन्यात मी पुण्याला इंजिनिअरिंगला आले. फी, होस्टेल, लॅपटॉप. ती खोली बाबांनी त्याच उन्हाळ्यात काढायला घेतली होती, निवृत्तीनंतर ट्यूशन घेता येतील म्हणून. गवंड्याने दोन फूट कमी खणू म्हटलं असेल आणि बाबांनी मान हलवली असेल. कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करून मी घराच्या पायाविषयी जे शिकले नव्हते, ते तिथे बोळीत उभ्या उभ्या कळलं. फोनवर मैत्रीण ‘‘हॅलो? हॅलो?’’ करत होती.

आता गंमत बघा. मैलापाण्याचा पाइप पंपाने ढकलत नाहीत. ते आपल्या वजनाने वाहतं, त्यामुळे ढाळ द्यावा लागतो. चार इंची पाइपला साधारण ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट, असा जुना ठोकताळा आहे. त्याहून ढाळ फार कमी ठेवला तर पाणी रेंगाळतं आणि मळ तळाशी बसत जातो. म्हणजे मागून निघालेला पाइप पुढे येईपर्यंत ६० फुटांत दीड फूट खाली उतरणार. मागे पावणेदोन फूट, पुढे सव्वातीन, खाली सहा इंच वाळूची गादी धरून चराचा तळ पावणेचार. आणि जिथे चर सर्वांत खोल, नेमका तिथेच आमचा पाया सर्वांत उथळ! फूटिंगच्या तळापेक्षा सव्वा फूट खाली, आणि लांब किती, तर शून्य.

‘‘मग दोन फूट सरकवू की बाहेर,’’ प्लंबर म्हणाला. त्यालाही आता थोडं पटलं होतं. पण पाच फुटांच्या बोळीत एका भिंतीपासून लांब जाणं म्हणजे दुसरीच्या जवळ जाणं. शेजाऱ्यांच्या कंपाउंड वॉलचा पाया जेमतेम दीड फूट. पावणेचार वजा दीड म्हणजे तिच्यापासून सव्वादोन फूट लांब राहायला हवं, आणि उरत होतं दीड. कंपाउंड वॉल म्हणजे काय, कुंपणच तर, असं म्हणू नका. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला रात्रीच्या पावसात एका सोसायटीची अशीच भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि किमान १५ माणसं गेली. आपल्याकडे भिंती पडायला पावसाचं एक निमित्त पुरतं.

ते निमित्त आमच्याकडे दुपारी साडेचारला आलं. वळीव. सांगलीचा मे महिन्यातला वळीव ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वीस मिनिटांत चराचा कालवा झाला. मैत्रिणीने पाठवलेला सांगलीतलाच एक इंजिनिअर रेनकोट घालून पोचला, तोवर पुढच्या खोलीच्या बाजूला मातीचा एक मोठा लपका ‘डुबुक’ करून पाण्यात बसला होता. सकाळी तो पोरगा जिथे उभा होता, बरोबर तिथे. पोरगा व्हरांड्यात भजी खात होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि प्लंबरने ‘काय हुईत न्हाई’ हे वाक्य त्या दिवसापुरतं तरी परत वापरलं नाही.

खोली रिकामी केली. शेजारच्या काकांनी शेतातली मोटर आणून दिली, रात्री अकरापर्यंत पाणी उपसलं. बाबांना आत बसा म्हणून सांगून सगळे थकले. शेवटी आई छत्री धरून त्यांच्याशेजारी उभी राहिली. रात्री खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली, तिरकी उतरणारी एक केसाएवढी फट दिसली. ती नवी होती. जुन्या फटी बाबांना पाठ आहेत.

फटी पाठ असण्याचं कारण काळी माती. कृष्णाकाठची ही माती उसाला सोनं, घराला डोकेदुखी. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरमावर टेकलेल्या मूळ घराला त्याचं फारसं काही नाही. पण अडीच फुटांवर काळ्या मातीतच टेकलेली ती खोली दर वर्षी थोडी थोडी हलते. मे महिन्यात भेगा दिसतात, ऑगस्टमध्ये मिटतात. अशा मातीत पायाशेजारी गळका पाइप म्हणजे एका कोपऱ्याला बारमाही पावसाळा. बाकी घर कोरडं, एक कोपरा फुगलेला. भिंत बिचारी मध्ये तुटते. त्यामुळे चर बुजवला की काम संपलं असं इथे होत नाही, त्या पाइपचा एकेक जोड वर्षानुवर्षं कोरडा राहायला लागतो.

रविवारी सकाळी इंजिनिअरने सांगितलेलं काम सोपं होतं, पण घाईचं. चिखल काढा, खोलीच्या बाजूचा १४ फूट चर फूटिंगच्या तळापर्यंत १:४:८ च्या साध्या काँक्रीटने भरून टाका, जिथे माती ढासळून पोकळी झालीय तिथे काँक्रीट कोंबा, आणि वर माती भरताना सहा-सहा इंचांचे थर धुमसून भरा. सगळी माती एकदम लोटून वर नाचायचं नाही. पाऊण घनमीटर काँक्रीट बसेल म्हणाला, पोकळीमुळे त्याहून जास्त गेलं. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत हेच सरळ लिहिलेलं आहे. फूटिंगपेक्षा खोल जाणारा ड्रेनेजचा चर पायापासून एक मीटरच्या आत असेल, तर पायाच्या तळापर्यंत काँक्रीट भरा. तिकडे ते पाइप टाकल्यावर भरतात. आम्ही पाइप न टाकताच भरलं. साठ फूट खणलं कशासाठी, तर परत बुजवण्यासाठी. आमच्या ऑफिसात याला रोलबॅक म्हणतात आणि त्याचा मेल सगळ्यांना जातो.

पाइप मग पूर्वेकडून गेला. त्या बाजूला दहा फूट मोकळी जागा, आणि पाया पूर्ण लांबी साडेचार फूट. लांबी वाढून ७५ फूट झाली, ढाळ पावणेदोन फुटांहून जरा जास्त, म्हणजे चराचा तळ रस्त्यापाशी चार फुटांच्या आसपास. कुठेही पायाच्या खाली नाही, आणि भिंतीपासून पाच फूट लांब. कागदावर एकदम परफेक्ट. फक्त त्या रेषेत आईचा कढीपत्ता होता.

तो मी दुसरीत असताना लावलेला. गल्लीतली प्रत्येक फोडणी त्याच्यावर चालायची. मी म्हटलं, थोडं वळसा घालून नेऊ. इंजिनिअर म्हणाला, वळसा घालता येईल, पण प्रत्येक वळणावर चेंबर बांधावा लागेल आणि मुळं आज ना उद्या जोडांत शिरतीलच. पाण्याचा वास त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा चांगला लागतो. आईने काहीच वाद घातला नाही. मंगळवारी सकाळी तिने सगळा पाला ओरबाडून गल्लीत वाटला आणि प्लंबरला ‘‘तोड’’ म्हणाली.

बाकीचं भराभर सांगते. पाइप भिंतीतून बाहेर काढताना तिथे तो सिमेंटने घट्ट चिणायचा नाही. भोक मोठं ठेवायचं, चारी बाजूंनी दोन इंच मोकळे, आणि मध्ये लवचीक काहीतरी भरायचं. घर एक सूत बसलं तरी पाइप मोडायला नको. नव्वद अंशांचा एल्बो टाळून दोन पंचेचाळीस लावायचे. पाइपखाली बारीक वाळू, दगड अजिबात नको. आणि माती टाकायच्या आधी पाइपचं तोंड बंद करून तो पाण्याने भरून ठेवायचा, पातळी उतरते का बघायची. ‘बादली ओतली, तिकडं आली’ ही टेस्ट नव्हे. तेवढं गळक्या पाइपमधूनही येतं.

छताचं पाणी हा वेगळाच लोच्या निघाला. एक हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी होतं. आमच्याकडे ते इतकी वर्षं पन्हाळीतून थेट त्या पुढच्या खोलीच्या पायाशी पडत होतं! आता ते बंद पाइपने रस्त्याकडच्या पावसाळी गटारात जातं. ड्रेनेजच्या पाइपात ते सोडायचं नाही, नाहीतर मुसळधार पावसात कमोडमधून कारंजं. माझ्या एका चुलतभावाने अमेरिकेतून सल्ला दिला, फ्रेंच ड्रेन कर, म्हणजे खडीत पुरलेला भोकांचा पाइप. त्याचा फ्रान्सशी काही संबंध नाही, हे मला तेव्हा कळलं. मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री फ्लॅग फ्रेंच या वकिलाने १८५९ साली शेतातलं पाणी काढण्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या आडनावावरून हे नाव पडलं. वॉशिंग्टनला लिंकनचा जो बसलेला भव्य पुतळा आहे, तो याच्या मुलाने घडवला. तर हा ड्रेन उत्तम चीज आहे, पण त्यातलं पाणी वाहून जायला पुढे सखल जागा लागते. आमच्या सपाट प्लॉटवर भोकांच्या पाइपातून पाणी जाणार कुठे, तर काळ्या मातीच्या पोटात. म्हणजे पैसे देऊन पायाला पाणी पाजायचं. त्याऐवजी भिंतीभोवती तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा केला, बाहेर उतार असलेला. शहाबादी टाका असं बाबा म्हणत होते, ते मी ऐकलं नाही.

एकूण खर्च ठरल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट झाला. बाबा म्हणाले, मी देतो. मी म्हटलं, २००९ चं इंटरेस्ट समजा. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘साडेचारच घ्यायला पाहिजे होतं.’’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘पण लॅपटॉप चांगला निघाला तुझा.’’

खोलीतली फट अजून आहे. इंजिनिअरने सांगितलं, लगेच बुजवू नका, आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघू. बाबांनी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडव्या रेघा मारून तारीख घातली आहे, आणि दर रविवारी ते मला फटीचा फोटो पाठवतात, शेजारी अंदाज यावा म्हणून दहाचं नाणं धरून. आजवर फट एकदाही रेघेच्या पुढे गेलेली नाही. परवाच्या फोटोत मात्र ती चांगलीच मोठी दिसली. मी मीटिंगमधून उठून फोन लावला. ‘‘बाबा, वाढलीय का?’’

‘‘नाही गं,’’ बाबा म्हणाले, ‘‘आज रुपयाचं नाणं धरलंय. दहाचं तुझी आई कढीपत्ता आणायला घेऊन गेली.’’